पाटीवरचे दोन सेकंद

आमचे घरमालक रोज सकाळी आठ वाजता शर्यत जिंकतात. दुसरा नंबर नेहमी एकाच माणसाचा असतो आणि तो नेहमी बरोबर दोन सेकंद मागे असतो. मी या घरात तीन वर्षं भाड्याने राहते आहे. दुसऱ्या नंबरचा माणूस मला अजून दिसलेला नाही.

घरमालकांचं नाव दादाराव खिल्लारे. छावणीत या नावाने विचाराल तर लोक डोकं खाजवतील. ‘चॅम्पियन’ म्हणा, पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कुणीही हात करून घर दाखवेल. मोटारसायकलच्या शर्यतीत ते सलग तीन वर्षं देशात पहिले आले होते. त्यालाही आता चाळीसेक वर्षं झाली. आज ते सत्तरीला टेकले आहेत, पण आठच्या ठोक्याला तपकिरी चामड्याचं जाकीट अंगात चढवतात. त्याची चेन पोटावर येऊन थांबते, पुढे जात नाही. मग डोक्यावर हेल्मेट आणि शेडमधून जुनी टू-स्ट्रोक गाडी बाहेर. गाडीला आरसे नाहीत. का, म्हणून मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“आरशात बघतो तो हरतो,” ते म्हणाले. “मागं कोण हाय ते पाटी सांगती. आन पाटी खोटं बोलत नाय.”

ही पाटी म्हणजे लाकडी फळीला काळा रंग देऊन केलेली, हातभर लांबीची एक जड वस्तू. शर्यतीत चालवणाऱ्याला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही आणि मागे वळून बघायची सोय नसते. म्हणून त्याचा एक माणूस रस्त्याच्या कडेला पाटी धरून उभा राहतो. कितवी फेरी चालली आहे आणि मागचा किती सेकंदांवर आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. चालवणारा तेवढं वाचतो आणि त्यावर भरवसा टाकतो.

दादारावांची पाटी त्यांच्या पत्नी धरतात. कमलमावशी. आठ वाजता तव्यावरची पोळी उतरवून, पदर खोचून त्या फाटकाशी उभ्या राहतात. दादाराव घरामागच्या रस्त्याने, पलटणीच्या दगडी भिंतीला वळसा घालून, पाण्याच्या टाकीवरून परत फाटकासमोर येतात. अशा सात फेऱ्या. दर फेरीला मावशी पाटी उंच करतात. वर फेरीचा आकडा आणि त्याखाली ‘यू +२’. यू म्हणजे यूसुफ.

या शर्यतीचा वेग ताशी तीसच्या पुढे जात नाही. शाळेच्या रिक्षा आल्या की चॅम्पियन त्यांना वाट देतात. एकदा कॅन लावलेला दूधवाला त्यांच्या पुढे निघून गेला. मी नवीन होते, बोलून गेले, “काका, दूधवाला पुढं गेला की तुमच्या!”

“तो शर्यतीत नाय,” त्यांनी शांतपणे सांगितलं.

मी फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी. एस्सी. झाले आणि औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. पहिले सहा महिने रोज येऊन-जाऊन केलं. जाताना बसमध्ये उभी आणि येताना झोपलेली. मग लॅबमधल्या एका ताईने या खोलीचा पत्ता दिला. वडील सोबत आले होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली, कारण शहरातल्या घरमालकासमोर काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. दादारावांनी ती टोपी त्यांच्या हातातून घेतली, परत त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “पाव्हणं, हेल्मेट काढायचं नाय. पडलं-झडलं तर डोकं शाबूत पाहिजे.” वडील हसले. शहरात हसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. या एका गोष्टीसाठी मी दादारावांचे उपकार विसरणार नाही.

भाड्याच्या बोलण्यात त्यांनी एकच अट घातली. “फाटकाचा डावा पल्ला लावायचा नाय. कदीच नाय. शेळी आत आली तरी चालंल.”

शेळी आत येतेच. मावशींचा गवती चहा खाऊन जाते. मावशी तिला आणि चॅम्पियनना एकाच वाक्यात शिव्या घालतात, पण पल्ला मात्र लावत नाहीत.

डावीकडची जागा मोकळी सोडायची हा या माणसाचा धर्मच आहे. बाकावर बसले तर डाव्या कडेला एका माणसाची जागा सोडून बसतात. बँकेच्या रांगेत डावीकडे सरकून कुणी पुढे घुसलं तर भांडत नाहीत, उलट त्याच्याकडे निरखून बघतात आणि “नाय, ह्यो नव्हं” असं पुटपुटून गप्प बसतात. सातही फेऱ्यांमध्ये फाटकाच्या अलीकडचं जे शेवटचं डावं वळण आहे, लिंबाच्या झाडाजवळचं, तिथे ते मुद्दाम बाहेरून वळतात. आतली बाजू रिकामी ठेवतात. एकदा एक रिक्षावाला त्या रिकाम्या जागेत शिरला. चॅम्पियननी गाडी आडवी लावून त्याला थांबवलं. “ओ भाऊ, कायकू घुसते? ती जागा धरलेली हाय!” रिक्षावाल्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि कानाला हात लावून निघून गेला. तो परत या गल्लीत आलेला नाही.

बाकीच्या जगाची पारख ते गाडीवरून करतात. गेल्या वर्षी मला बघायला एक मुलगा आला होता. चांगल्या नोकरीतला, इस्त्रीचा शर्ट, सोबत आईवडील. आत पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि हे बाहेर त्याच्या मोटारसायकलसमोर उकिडवे बसून मागचं टायर न्याहाळत होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं.

“पोरी, टायर मधूमध गुळगुळीत झालंय आन कडा पार नव्या कोऱ्या. ह्या माणसानं आयुष्यात गाडी वाकवली नाय. वळायची येळ आली की उभाच ऱ्हाणार.”

मावशी आतून म्हणाल्या, “तुम्ही वाकवून काय दिवे लावले? पोरीचं लगीन मोडता का आता?”

लग्न माझ्यामुळे मोडलं, टायरमुळे नाही. पण पुढे त्या मुलाबद्दल जे कानावर आलं, त्यात ‘उभा राहिला’ हे खरंच होतं. आईने हुंड्याचं काढलं तेव्हा तो जागचा हलला नव्हता, असं दुसऱ्या एका मुलीच्या घरून कळलं.

तर असे हे चॅम्पियन. घरात त्यांचे तीन कप आहेत, चांदीसारखे चमकणारे, दोन कानांचे. एकात मावशी लसूण ठेवतात. एकात चिंच. तिसरा, सगळ्यांत मोठा, शेवटच्या वर्षाचा, फडताळाच्या वरच्या फळीवर पालथा घातलेला असतो. त्यात काही ठेवत नाहीत. मी एकदा पुसायला म्हणून खाली काढला, तर मावशी नुसतं “ऱ्हाऊ दे” म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी मी तो लगेच वर ठेवला.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मी सुट्टीत गावी गेले की चॅम्पियनच्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवायची. पण एक गोष्ट मी घरी सांगितली नाही.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. सकाळी वेणी घालताना खालून चॅम्पियनची गाडी जाते. तो आवाज मला पाठ झाला. आणि पाठ झाल्यावर लक्षात आलं की तो आवाज दोनदा येतो. एक गाडी जाते. मग जरा थांबून आणखी एक. दुसरा आवाज बारीक असतो, जरा तापलेला, घाईतला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. रस्ता रिकामा.

पलटणीच्या भिंतीवरून आवाज परत येत असेल, असं मी मनाला सांगितलं. शिकलेली माणसं असंच करतात. लॅबमध्ये रक्त किती वेळात गोठतं ते मोजायचं घड्याळ आम्ही वापरतो. मी मोबाइलवर तसंच मोजलं. पहिला आवाज, दुसरा आवाज. दोन सेकंद. दुसऱ्या फेरीला दोन. सातही फेऱ्यांना दोन.

लिंबाखाली एक गावठी कुत्रा बसलेला असतो. छावणीतला म्हणून त्याचं नाव सुभेदार. चॅम्पियन वळणावर आले की सुभेदार मान फिरवून त्यांना फाटकापर्यंत पोचवतो. मग मान परत वळणाकडे नेतो आणि तशीच सावकाश, तेवढ्याच वेगाने, दुसऱ्यांदा फाटकापर्यंत आणतो. त्या दुसऱ्या वेळी त्याच्या नजरेसमोर काहीही नसतं. भुंकत नाही. शेपूट हलवतो.

पावसाळ्यात चॅम्पियनना ताप आला. पाच दिवस गाडी शेडमध्येच होती. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी लॅबला निघाले, तर फाटकाशी कुणी नव्हतं आणि सुभेदार लिंबाखाली बसून वळणाकडे टक लावून होता. माझ्यादेखत त्याने मान फिरवली. एकदाच. मी तिथे थांबायला नको होतं, पण थांबले. त्याने सात वेळा मान फिरवली. त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातून दोन नळ्या फुटल्या.

यूसुफ कोण हे मला चॅम्पियननीच सांगितलं. मी जुनी स्कूटर घेतली होती आणि ते मला पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात चालवायला शिकवत होते. वळणावर मी घाबरून एकदम आत कापलं. ते ओरडले. इतक्या मोठ्याने की मी गाडी पाडली. मग मला उठवून, गुडघ्यावरची माती झटकून, स्वतःच खाली बसले.

“आत कदी कापायचं नाय,” ते म्हणाले. “मागून कोण येतंय म्हायती नसतं.”

यूसुफ शहागंजचा. दोघं एकाच गॅरेजमध्ये हाताला काळं लावत मोठे झाले, एकाच टीमकडून धावले. यूसुफ चिडवायचा, “हट जा दादा, मैं आ रहा.” शेवटची शर्यत दक्षिणेत एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होती. सात फेऱ्या. पहिले हे, दुसरा यूसुफ. जो जिंकेल तो त्या वर्षीचा चॅम्पियन.

“पाचव्या, सहाव्या, सातव्या, तिन्ही फेऱ्यांना पाटी म्हणली प्लस दोन. मला मागं त्याची गाडी ऐकू येत व्हती. शेवटच्या वळणाला वाटलं, आता डाव्या अंगानं आत शिरतोय. मी आत कापलं. जागा बंद केली. जिंकलो. वळून बघतो तर यूसुफ आलाच नाय. दवाखान्यात नेईस्तोवर संपला.”

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले.

“लोक मला म्हणले, तो पाचव्या फेरीतच पडला व्हता, पार पल्याडच्या टोकाला, आपल्या आपण. तुझा काय संबंध नाय. समजूत काढतेत. चांगली माणसं हायती. कागदावर त्याच्या नावापुढं नुसतं लिव्हलंय, शर्यत पूर्ण नाय. पण पाटी कमलनं धरली व्हती, सुवर्णा. दुसऱ्या कुणी धरली असती तर मी बी म्हणलो असतो, चुकली आसंल. कमलची पाटी खोटं बोलत नाय.”

त्या दिवसानंतर ते एकाही शर्यतीत उतरले नाहीत. फक्त रोज सकाळी सात फेऱ्या. शेवटच्या वळणाला आतली बाजू मोकळी सोडायची, म्हणजे यूसुफ पुढे जाईल. आणि यूसुफ जात नाही. चाळीस वर्षं दोन सेकंदांवर अडकून आहे.

“एकदा पुढं गेला ना,” ते स्कूटर सरळ करत म्हणाले, “की मंग मी मोकळा.”

गेल्या हिवाळ्यात मावशींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनची तारीख ठरली. मावशींना ऑपरेशनची नाही, पाटीची काळजी. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून खडू हातात दिला. “प्लस दोन लिव्हायचं. दुसरं काय बी लिव्हायचं नाय. समजलं?”

“मावशी, मी पदवीधर आहे.”

“म्हणूनच सांगती. शिकलेल्याला लई सुचतं.”

पहिल्या दिवशी मी चोख काम केलं. पाटी इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. चौथ्या फेरीला खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी लॅबला उशीर होत होता. तिसऱ्या फेरीचा आकडा वर लिहिला आणि त्याच घाईत खालीही तीनच लिहून गेले. ‘यू +३’. पाटी वर धरली तेव्हा लक्षात आलं. चॅम्पियन समोरून गेले. हेल्मेटमधून त्यांचे डोळे पाटीवर थांबलेले मी पाहिले.

मी श्वास रोखून मोजलं. एक. दोन. काहीच नाही. तीन.

तीनला तो बारीक, तापलेला आवाज माझ्यासमोरून गेला. वाऱ्याने माझी ओढणी उडाली. लिंबाखाली सुभेदाराची मान सावकाश फिरली.

पुढच्या फेरीला मी दोनच लिहिलं. सातवी झाल्यावर चॅम्पियन गाडी लावत म्हणाले, “तिसऱ्याला तीनवर गेला व्हता. दमला का काय आज?” त्यांच्या तोंडावर काळजी होती. मी खडू त्यांच्या हातात ठेवला आणि स्कूटर काढली.

संध्याकाळी मावशी घरी आल्या होत्या. डोळ्यावर हिरवी पट्टी. चॅम्पियन औषधं आणायला गेले होते. मी मावशींना झालेली चूक सांगितली, आणि आवाजाचंही सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

“तुला बी ऐकू येतो?” त्यांनी विचारलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

“म्हंजी मीच त्याला धरून ठिवलाय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला सहा महिने झाले होते. पाटीवाल्या माणसाचं पोट बिघडलं, म्हणून मावशींना उभं केलं. चौथी शिकलेल्या, पण आकडे सुबक. पाचव्या फेरीला यूसुफ आलाच नाही. लांब, पलीकडच्या टोकाला, धूळ उठलेली मावशींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. लोक पळत होते. त्या पाटीवर लिहायला गेल्या, तर टीमचा साहेब मागून म्हणाला, “दोनच ठेवा, बाई. दादाराव थांबला तर वर्षाची मेहनत गेली. शर्यत संपली की सांगू.”

“मी नवी नवरी. साहेब म्हणला आन मी लिव्हलं. तीन डाव लिव्हलं. हे जिंकून आले, हात वर केलेला, आन म्हणले, यूसुफ कुठंय, माझ्या चाकाला चाक लावून व्हता. मंग म्या कोणत्या तोंडानं सांगू? पुढं वरीसभर बोलले नाय कुणाशी. जेवले नाय नीट. एके दिवशी गाडी काढली, पाटी माझ्या हातात दिली, म्हणले, धर. मी भिऊन प्लस दोन लिव्हलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. तवापासून तेच लिव्हते.”

बाहेर फाटकाचा उजवा पल्ला वाजला. चॅम्पियन आले होते. मावशींनी पट्टी नीट केली आणि आवाज बदलून म्हणाल्या, “थेंब आणले का? का निस्तं टायर बघत बसले दुकानापुढं?”

चार दिवसांनी मावशी काळा चष्मा लावून स्वतः फाटकाशी आल्या. मी लॅबला फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. पाटी मी धरते म्हटलं, तर म्हणाल्या, “माझी हाय.”

चॅम्पियननी गाडी काढली. पहिली फेरी, प्लस दोन. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी त्यांच्या मागून तो दुसरा आवाज गेला. मी मावशींकडे पाहिलं. त्या आवाजाच्या वेळी त्यांची मान जरा खाली व्हायची. म्हणजे त्यांनाही इतकी वर्षं तो ऐकू येत होता.

चौथ्या फेरीनंतर त्यांनी पाटी फाटकाला टेकवली आणि पदराने पुसली. दोन्ही बाजूंनी, कोपऱ्यापर्यंत. मग एका डोळ्याने, नाक पाटीला लावून, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं:

यूसुफ पडला

गाडी वळणावर आली. मावशींनी पाटी डोक्यावर उचलली. चष्म्याखालून पाणी गालावर आलं होतं. तसं रडणं ऑपरेशनच्या डोळ्याला बरं नव्हे, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला याची मला अजून लाज वाटते.

चॅम्पियन समोरून गेले. मी मोजलं. दोन. तीन. पाच. दहा. काही आलं नाही. सुभेदार उठून उभा राहिला होता आणि त्याचे कान मागे गेले होते.

पलटणीच्या भिंतीपलीकडे गाडीचा आवाज बंद पडला.

आम्ही तिथेच उभ्या. शाळेच्या रिक्षा गेल्या. शेळी आली, आत गेली. मावशींनी पाटी खाली केली नाही. पंधरा-वीस मिनिटांनी चॅम्पियन वळणावर दिसले. गाडी ढकलत येत होते. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, पांढरे केस घामाने चिकटलेले. ते फाटकापाशी आले, गाडी स्टँडला लावली आणि पाटी पुन्हा एकदा वाचली. एकेका अक्षरावर बोट फिरवल्यासारखी.

“कंची फेरी?” त्यांनी विचारलं.

“पाचवी,” मावशी म्हणाल्या. “पार पल्याडच्या टोकाला. मी बघितली धूळ.”

“मंग शेवटच्या वळणाला...”

“कुणीच नव्हतं. तुमच्या मागं कुणीच नव्हतं. साहेब म्हणला, लिव्ह. म्या लिव्हलं.”

मला वाटलं, आता चॅम्पियन ओरडतील, त्या दिवशी मैदानात ओरडले तसे. किंवा गाडी घेऊन निघून जातील आणि परत येणार नाहीत. मावशींनाही तेच वाटलं असावं. त्यांचे हात अजून वरच होते.

त्यांनी पुढे होऊन मावशींच्या हातातून पाटी काढून घेतली. एका हाताने ती तोलून पाहिली, भाजी तोलतात तशी.

“लई जड झाली आसंल गं,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं. येकटीनं.”

मावशी फाटकाच्या डाव्या पल्ल्याला टेकून खाली बसल्या. चॅम्पियन जाकीट न काढता त्यांच्या शेजारी बसले. डावीकडे जागा न सोडता, अगदी खेटून. मी लॅबला गेले. अशा वेळी तिसऱ्या माणसाने जावं, एवढं मला कळतं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता शेडचं दार वाजलं. मी अर्धी वेणी हातात धरून खिडकीशी आले. चॅम्पियननी गाडी काढली होती, पण जाकीट घातलं नव्हतं. अंगात घरातला स्वेटर होता. फाटकाशी पाटी नव्हती. मावशी पायरीवर बसून मेथी निवडत होत्या.

त्यांनी एकच फेरी मारली. अगदी सावकाश. भिंतीपलीकडून येणारा आवाज मी ऐकत होते. एकच गाडी. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तीन वर्षं रोज सकाळी तो दुसरा आवाज ऐकला होता.

शेवटच्या वळणावर येताना चॅम्पियननी नेहमीसारखी डावी बाजू मोकळी सोडली असणार. सवयीने. गाडी अजून वळणापलीकडे होती, दिसतही नव्हती. लिंबाखाली सुभेदार बसला होता. त्याने मान उचलली. रिकाम्या वळणापासून फाटकापर्यंत, आणि फाटकावरूनही पुढे, पार रस्त्याच्या टोकापर्यंत भर्रकन फिरवली. फाटकाचा डावा पल्ला वाऱ्याने हलला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग त्याने मान परत वळणाकडे नेली आणि मागून येणाऱ्या दादारावांची वाट बघत शेपूट हलवायला लागला.

ते आले. दोन सेकंदांनी. हसत होते.